समुद्राचे पाणी आणि माझे चुकलेले मॅग्नेशियम

पुण्यातील माझ्या प्रवाळाच्या टाकीसाठी मी गेली काही वर्षे रत्नागिरीहून समुद्राचे पाणी आणतो. ओळखीच्या एका मच्छीमाराची होडी किनाऱ्यापासून बरीच आत गेली की येताना तो वीस-वीस लिटरचे कॅन भरून घेतो आणि हा माणूस पैसे मोजून खारे पाणी का नेतो, याचे कोडे त्याला अजून सुटलेले नाही. (न्यायचे ते फक्त पाणी, किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा उचलणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.) पहिल्याच फेऱ्यांत मी या पाण्याचे मॅग्नेशियम तपासले, ते लिटरला ११४० मिलिग्रॅम आले आणि पुस्तकी आकडा १२८० च्या पुढे असल्यामुळे कोकणच्या समुद्रात मॅग्नेशियम कमी आहे, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी प्रत्येक कॅनमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड घालत होतो.

चूक समुद्राची नव्हती. समुद्राच्या पाण्यातील मुख्य क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते, हे रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर मार्से यांनी १८१९ मध्येच सुचवले होते आणि ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या समुद्र-संशोधन मोहिमेने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार यांनी ते १८८४ मध्ये पक्के केले. पाणी पावसाने पातळ होते किंवा उन्हाने दाट होते, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे गुणोत्तर त्याने बिघडत नाही. क्षारता ३५, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, असेल तर किलोमागे कॅल्शियम सुमारे ४१२ आणि मॅग्नेशियम सुमारे १२८४ मिलिग्रॅम असणारच. माझ्या त्या पाण्याची क्षारता ३५.५ होती, म्हणजे मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असायला हवे होते आणि ११४० दाखवणारा, बहुधा जुना झालेला चाचणी-संच दर वेळी सातव्या-आठव्या हिश्शाने कमी सांगत होता. त्या संचावर १३०० येईपर्यंत मी पावडर घालत असे, तेव्हा टाकीत प्रत्यक्षात १४८० च्या घरात मॅग्नेशियम असणार! प्रवाळांनी ते निमूटपणे सोसले, एवढेच.

तेव्हापासून नवा संच उघडला की पहिली चाचणी टाकीच्या पाण्यावर न करता खुल्या समुद्राच्या स्वच्छ पाण्यावर करायची, असा मी नियम घातला आहे, कारण उत्तर आधीच ठाऊक असलेले असे दुसरे पाणी घरात नसते. अर्थात त्यासाठी क्षारतेचा आकडा बिनचूक हवा. बाजारातील पुष्कळसे रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारी उपकरणे) मिठाच्या द्रावणासाठी बनवलेले असतात आणि नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवले तरी ३५ जवळ चुकतात. मी ३६.५ ग्रॅम मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवून ठेवतो. या द्रावणातून प्रकाश जेवढा वळतो तेवढाच तो ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यातून वळतो, म्हणून त्यावर काटा ३५ ला आणला की काम होते. मीठ मोजायला स्वयंपाकघरातला दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरतो.

कॅल्शियमच्या चाचणीत सिरिंजमधला द्रव थेंबाथेंबाने टाकून गुलाबी पाणी निळे करायचे असते आणि बहुतेकांची फसगत मधल्या जांभळ्या टप्प्यावर होते. पांढऱ्या कागदावर कुपी ठेवून, लालीचा लवलेश राहिला नाही असे दिसेपर्यंत थांबायचे नाही. सिरिंज वाचताना द्रवाची पातळी न पाहता दट्ट्याच्या काळ्या रबराची कड पाहायची; टोकाशी हवेचा बुडबुडा असला तरी त्याने हिशेब चुकत नाही.

अल्कलिनिटीचे, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेचे, मात्र थोडे वेगळे आहे. मराठीत तिलाही काही जण क्षारता म्हणतात आणि मग गोंधळाला पारावार राहत नाही, म्हणून मी सरळ केएच म्हणतो. खुल्या समुद्राचा केएच साडेसहाच्या आसपास असतो. टाकीतल्या आठ-नऊची सवय झालेल्या नवख्याला पाणी निकृष्ट वाटते, पण समुद्राचा आकडा तोच आहे. शिवाय नद्या आपल्याबरोबर बायकार्बोनेट आणतात, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी पाणी पातळ झाले तरी केएच त्याच प्रमाणात उतरत नाही.

खरी काळजी करायची ती ज्यांचे प्रमाण स्थिर नसते त्या घटकांची. सप्टेंबरमध्ये एकदा घाईत खाडीच्या तोंडाजवळून भरलेले पाणी क्षारता ३१ चे निघाले. कॅल्शियम ३६५ आले ते हिशेबाला धरूनच होते, पण सिलिकेट इतके होते की आठवड्याभरात टाकीच्या काचांवर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर चढला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर खालचे, ऑक्सिजन कमी आणि पोषकद्रव्ये जास्त असलेले पाणी वर सरकते, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे माझा हंगाम डिसेंबर ते एप्रिल, पाणी निवळल्यानंतरचा. जेट्टीजवळचे पाणी तर कधीच घेत नाही, कारण होड्यांच्या बुडाला लावलेल्या रंगात तांबे असते आणि घरगुती संचाला ते दिसण्याआधीच टाकीतल्या शंख-शिंपल्यांना बाधू शकते.

साठवणही तपासणीचाच भाग आहे. झाकलेल्या पिंपात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मरतात आणि अमोनिया वाढतो, म्हणून आणल्या दिवशी आणि वापरण्यापूर्वी अशी दोनदा अमोनियाची चाचणी करतो.

सध्या बाल्कनीत फेब्रुवारीचे १०० लिटर उरले आहे: क्षारता ३५.२, केएच ६.६, अमोनिया शून्य. टाकीचा केएच मी आठ ठेवतो आणि १०० लिटरमध्ये केएच एकाने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, तेव्हा उद्या सकाळी त्यात ४.२ ग्रॅम सोडा विरघळवायचा आहे. मॅग्नेशियम क्लोराइडचा डबा माळ्यावर टाकला आहे.