‘छान आहे’च्या पुढे

शॉर्टफिल्मची गोष्ट ऐकवायला आलेला माणूस लगेच ओळखू येतो. चहा घाईघाईने संपवतो, फोन पालथा ठेवतो आणि म्हणतो, ‘‘अजून डेव्हलप करतोय, पण…’’ त्या ‘पण’नंतर आठ मिनिटांच्या फिल्मची गोष्ट निवांत अर्धा तास चालते.

मी एडिटिंगवर पोट भरतो, त्यामुळे असे बरेचजण माझ्याकडे येतात. पुढे कापायचंच आहे तर आधीच विचारून घेऊ, असा हिशेब असावा. पुण्यात गोष्टींची टंचाई कधीच नव्हती. लॉ कॉलेज रोडवर प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली खरी, पण तिथे प्रवेश मिळालेली मुलं माझ्या दारात कशाला येतील? येतात ती बाहेरची. कॉलेजात एकांकिका केलेली, मित्राचा कॅमेरा उसना मिळण्याची खात्री असलेली, आणि कलाकारांना मिसळीवर राबवण्याची तयारी असलेली.

काही गोष्टी आता पाठ झाल्यात. गजर वाजतो, नायक उठतो, आरशात बघतो. वृद्धाश्रमातले बाबा. मोबाइलमध्ये बुडालेलं कुटुंब. आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी ती बायको, जिच्याशी नवरा सकाळपासून बोलतोय आणि जी दोन वर्षांपूर्वीच वारलीय हे शेवटच्या शॉटमध्ये कळतं. हिला एव्हाना मानधन सुरू व्हायला हवं.

पण म्हणून ‘हे जुनंय’ असं तोंडावर सांगण्यात काही हशील नाही. ज्याला काल रात्री सुचलंय त्याच्यासाठी ते कालचंच आहे. तो ऐकून घेतो, मान हलवतो आणि जाताना तुमच्याबद्दलचं मत बदलून जातो. त्यापेक्षा मी विचारतो, ‘‘दुधाचा रतीब किती आहे त्यांच्याकडे?’’ मुलगा गोंधळतो. ‘‘म्हणजे, बायको गेल्यावर त्याने दूध कमी करायला सांगितलं की नाही?’’ एका मुलाने यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, ‘‘नसेल सांगितलं. उरलेल्या दुधाचं दही लावत असेल.’’ मग स्वतःच हसून म्हणाला, ‘‘पण त्याला दही आवडत नाही.’’ फ्रिजमध्ये दह्याची पातेली साठत चालल्येत आणि दूधवाल्याला ‘उद्यापासून अर्धाच’ एवढं या माणसाला सांगवत नाही. शेवटचा धक्का आपोआप गळाला. बायको नाही हे प्रेक्षकाला पहिल्याच मिनिटाला कळलं तरी आता बिघडत नव्हतं, आणि हे मी नव्हे, त्यानेच मला समजावून सांगितलं.

अभिप्राय देणाऱ्यांच्या दोन जाती मला सहन होत नाहीत. पहिली ‘छान आहे’वाली. त्यांचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, कारण त्यांनी ऐकलेलंच नसतं. दुसरी जास्त धोक्याची: ‘मी काय म्हणतो’वाली. तो बाप न ठेवता आई केली तर? आणि पुण्याऐवजी कोकणात घेतलं तर? पाऊस हवाच. बोलता बोलता हे लोक रंगतात, डोळे मिटून शॉट सांगायला लागतात, आणि ज्याची गोष्ट होती तो वहीत त्यांची गोष्ट उतरवून घेत बसतो. घरी गेल्यावर त्याला ती करता येत नाही, कारण ती त्याला सुचलेलीच नसते, आणि स्वतःच्या गोष्टीवरचं मनही उडालेलं असतं.

आमच्याकडची मुलं एकांकिकेतून येतात याचा एक वेगळा परिणाम आहे. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, तेव्हा टाळी घेणारं वाक्य लिहायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. रंगमंचावर ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागतं. कॅमेरा मात्र नाकासमोर असतो, आणि तिथेही पात्र सांगतं, ‘मी आतून तुटलोय.’ लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी रशियात दाखवून दिलं होतं की नटाचा तोच कोरा चेहरा सूपच्या वाडग्याला जोडला तर लोकांना भूक दिसते आणि शवपेटीला जोडला तर दुःख. एडिटिंग करणाऱ्यांना हे फार आवडतं, त्यात नटाचं श्रेय कमी होतं. पण मुलांना कुलेशोव्ह ऐकवून उपयोग होत नाही. नाव लिहून घेतात आणि संवाद तसेच ठेवतात. मी एवढंच विचारतो, ‘‘आवाज बंद करून बघितलं तर मला काय कळेल?’’

इचलकरंजीची एक मुलगी आली होती. गोष्ट २०८० सालची. जगातलं पाणी संपलंय, शेवटची बाटली उरलीय, दोन बहिणी आहेत. ती वाचत होती आणि तिलाच कंटाळा येत होता. मध्येच थांबून म्हणाली, होस्टेलवर बसून घाईत लिहिलं, घरी लिहून होत नाही. का, तर गल्लीत रात्रभर यंत्रमाग चालतात. ‘‘त्या आवाजात झोप कशी लागते?’’ मी विचारलं.

‘‘आवाजात लागते की सर. लाइट गेली की जाग येते सगळ्यांना. माग थांबतात ना. आजोबा तर खाटेवर उठूनच बसतात. शेजारचे बाहेर येतात, कोणतरी म्हणतं आता येईल. आली की खडखड सुरू, सगळे परत आत.’’

हे सांगताना तिचे हात हलायला लागले होते. मघाच्या वाचनात ते टेबलावर पडून होते. गोष्ट ऐकताना मी कागदापेक्षा याच्याकडे जास्त लक्ष देतो. जे माणूस स्वतः गोष्ट मानतच नाही, ‘असंच’ म्हणून सांगून पुढे जातो, तिथे त्याचा आवाज बदलतो.

‘‘हे का करत नाहीस?’’

‘‘पण ह्यात स्टोरी कुठंय?’’

आता खरी परीक्षा ऐकणाऱ्याची असते. माझ्या डोक्यात तोवर आजोबांचा भंगारात गेलेला माग, थकलेलं वीजबिल, मालकाशी भांडण असं सगळं रचून तयार होतं. ‘मी काय म्हणतो’ अगदी ओठांवर आलं. ते गिळून विचारलं, ‘‘लाइट लवकर येऊ नये असं कुणाला वाटतं?’’

ती बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, ‘‘आईला. तेवढ्या वेळात तिला हळू बोलता येतं.’’

२०८० साल तिथेच संपलं. पंधरवड्याने तिने दहा पानं लिहून पाठवली. पान म्हणजे साधारण मिनिट, हा ठोकताळा धरला तर लांबी बरोबर होती. फक्त आई पहिल्या पानापासून जी बोलत सुटली होती ती थांबेचना. तिला हळू बोलायचंय, हेसुद्धा ती ओरडून सांगत होती. कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो, तोवर ही शूटला निघूनही गेली.

तिकडे एकही मालक माग बंद ठेवायला तयार होईना. कापड थांबलं की पैसे थांबले, त्यांचंही बरोबरच होतं. लाइट गेल्यानंतरचा सीन तिने मावशीकडे, मागांपासून लांब, रात्री उरकला. त्याआधीचा सगळा भाग मात्र गल्लीतच, चालू मागांच्या खडखडाटात. हेडफोन लावून ऐकलं तर आईचा एक शब्द कळत नव्हता. डबिंगला पैसे नव्हते. तिने तिथल्या तिथे पहिल्या सहा पानांतले आईचे संवाद काढून टाकले आणि रात्री मला फोन करून विचारलं, चालेल ना?