आमची वाटचाल: 142 की 322?

आम्ही ड्रॉ द्रावणाचं मीठ विकतो. ड्रॉ द्रावण म्हणजे मेम्ब्रेनच्या (पाणी जाऊ देणाऱ्या, मीठ अडवणाऱ्या पडद्याच्या) पलीकडचं पाणी स्वतःकडे ओढणारं खारं द्रावण. त्याचा भाव किलोवर नसतो, मोलवर (मिठाच्या कणांच्या मोजणीवर) असतो. हे आम्ही पहिल्या बिलापासून छापत आलो. 1 मोलर सोडियम सल्फेटला लिटरमागे निर्जल मीठ 142 ग्रॅम लागतं, ग्लॉबर (पाणी धरून बसलेले त्याच मिठाचे खडे) घेतलं तर 322. ग्लॉबरच्या गोणीत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच. आमच्याच पट्ट्यातल्या एका पुरवठादाराने तीच गोणी किलोमागे स्वस्त विकली, निर्जलच्या मापाने टाकायला सांगितली. द्रावण निम्म्याहून हलकं झालं, पाण्याची ओढ मंदावली आणि दोष लागला मेम्ब्रेनला. आमची गिऱ्हाइकं मात्र त्यांच्याकडे गेली. ते अजून सलतं.

धुळ्याचे रंगाईवाले बापू तेवढे राहिले. त्यांचं काम या मिठाला चपखल बसतं. रंगाईच्या सांडपाण्यातून पाणी ओढून पातळ झालेलं द्रावण सुती कापडाच्या रंगकुंडात थेट जातं, मीठ परत काढायचा खर्चच नाही. शिवाय सल्फेट साध्या मिठापेक्षा मेम्ब्रेनमधून मागे कमी गळतं.

पण आमचा धंदा जवळजवळ बुडवला तो याच मिठाने. संध्याकाळी टाकीत हायड्रोमीटर (द्रावणाची घनता मोजणारी नळी) 1.12 दाखवत होता, पहाटे 1.08. तळाशी आणि पाइपाच्या कोपरांत काचेसारखे लांब खडे. 32.4 अंशांखाली हे मीठ ग्लॉबर होऊन बसतं आणि विद्राव्यता झपाट्याने घटते: 20 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात साधारण 19 ग्रॅम, 10 अंशांना जेमतेम 9. खान्देशातली डिसेंबरची पहाट 10 च्या आसपास असते, आणि आम्ही 14 ग्रॅमच्या हिशेबाने भरलं होतं. पंप कोरडा फिरला, मेम्ब्रेनचं मॉड्यूल तुंबलं. "मिठात भेसळ आहे" ही आवई त्याच पुरवठादाराने उठवली. पैसे अडकले, कर्जाचे हप्ते थकले. बापूंनी मात्र मूठभर खडे कोमट पाण्यात टाकले, ते निवळशंख विरघळले, आणि त्यांनी पुढची ऑर्डर दिली.

आता थंडीत आम्ही अर्धा मोलरच देतो: लिटरला 71 ग्रॅम, हायड्रोमीटरवर 1.06, ऑस्मोटिक दाब, म्हणजे पाण्याची ओढ, 25 बारच्या आसपास. उरलेली ओढ साधं मीठ घालून भरून काढू नका. सोडियम वाढलं की सल्फेट आणखी लवकर बसतं. त्यापेक्षा टाकीला वाफेच्या कंडेन्सेटची कॉइल द्या, 35 अंश राखा, पाइपांना लपेटण करा. द्रावणाची ताकद बघायला कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मीटरवर भिस्त ठेवू नका. तापमान भरपाई नसेल तर अंशामागे रीडिंग सुमारे 2 टक्के सरकतं. मे महिन्यात तो काहीही सांगेल.

आणि बोअरचं जड पाणी फीडला (ज्यातून पाणी ओढायचं त्या बाजूला) घेत असाल तर आधी सॉफ्टनरमधून काढा. काळ्या पाषाणातलं कॅल्शियम आणि मागे गळलेलं सल्फेट भेटलं की मेम्ब्रेनवर जिप्सम धरतं. ते नुसत्या पाण्याने धुऊन सहजी जात नाही. बापूंच्या प्लांटवर सॉफ्टनरचं रिजनरेशन (त्याला पुन्हा ताजं करणं) दर शनिवारी, चुकत नाही.