सदर मनुष्यबळ

आमच्या ऑफिसात कुणाला काय म्हणायचं हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. कारकून म्हणजे भाऊसाहेब. शिपाई म्हणजे मामा. साहेब म्हणजे साहेब, आणि त्यांचा ड्रायव्हर अर्धा साहेब. गेल्या वर्षी चोवीस वर्षांचा एक मुलगा परीक्षा पास होऊन लिपिक म्हणून हजर झाला. सकाळी दहाला ऑर्डर दाखवली आणि चहा यायच्या आत त्याचा भाऊसाहेब झाला. मी २०१६ च्या ऑगस्टपासून तिथं ठेकेदारामार्फत संगणक चालक आहे. मला ‘ऑपरेटर’ म्हणतात. काम अडलं असेल तर ‘ओ ऑपरेटर ताई’.

ऑफिस कुठलं ते सांगत नाही. कोल्हापुरात आहे, कसबा बावड्यातून स्कूटीवर पंधरा मिनिटांत पोचते, एवढं पुरे.

लोकांना वाटतं आमच्यात आणि परमनंटमध्ये फरक पगाराचा. आहेच, पण पहिल्या आकड्यात तो दिसत नाही. सातव्या वेतन आयोगात लिपिकाचं मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होतं. माझा ठरलेला पगार १९,०००. नऊशे रुपये, भांडायला लाज वाटावी एवढेच. गंमत पुढच्या रकान्यांत आहे. त्यांच्या आकड्यावर महागाई भत्ता, घरभाडं आणि वर्षाला वेतनवाढ चढत जाते. माझ्या आकड्यातून पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १४३ उतरतात आणि १७,०५७ खात्यावर पडतात. कधी पडतात ते विचारू नका.

एकदा ठेकेदाराच्या बिलाची पडताळणी माझ्याकडंच आली. माझे १९,०००, ठेकेदाराने भरायचा पीएफ १,९५०, ईएसआय ६१८, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. सेवाशुल्क सोडूनसुद्धा बेरीज २५,४५०. म्हणजे सरकारला मी साडेपंचवीस हजारांना पडते आणि मला मी सतरा हजारांना. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “म्हणजे टीव्हीवर आणि तुझ्यावर सारखाच टॅक्स की.”

बजेटातही आमचे कप्पे वेगळे. त्यांचा पगार ‘वेतन’ या शीर्षाखाली, माझा ‘कंत्राटी सेवा’ या शीर्षाखाली. जानेवारी संपला की दुसऱ्या कप्प्याचा तळ दिसायला लागतो. मग ठेकेदार म्हणतो बिल निघालं नाही, ऑफिस म्हणतं अनुदान आलं नाही. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, असं १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. मी हे एकदा लेखा शाखेत बोलून दाखवलं. तिथले भाऊसाहेब हसून म्हणाले, “कायदा बरोबर हाय ओ ताई, पर बीडीएसवर पैसंच न्हाईत.” बीडीएस म्हणजे सरकारी अनुदान वाटपाची संगणक प्रणाली. त्यांचंही खरं होतं.

रजेचं एका वाक्यात सांगते. त्यांना वर्षाला आठ किरकोळ आणि तीस अर्जित. माझ्या न आलेल्या दिवसाला रजा म्हणतच नाहीत, खाडा म्हणतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा आम्हीही पेढे खाल्ले. नंतर कळलं, शनिवार त्यांना सुट्टीचा आणि आम्हाला पेंडिंग एन्ट्र्यांचा.

हे सगळं एकवेळ अंगवळणी पडतं. सहीचं पडत नाही.

दिवसभरात मी पंचवीस-तीस पत्रं काढते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून ‘माहितीसाठी सविनय सादर’ पर्यंत सगळं माझं, मधली वाक्यं पण बऱ्याचदा माझीच. खाली सही दुसऱ्याची. मार्च २०२३ मध्ये, १४ ते २० तारखेपर्यंत, जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. अख्खा हॉल रिकामा, पंखे फिरतायत, आणि आम्ही चार कंत्राटी तेवढे जागेवर. राधानगरीकडून, गगनबावड्याकडून माणसं यायची, दाखला तयार आहे का विचारायची. दाखला तयार असायचा. मी छापून ठेवलेला असायचा. आठवडाभर छापत होते आणि ढीग लावत होते, कारण त्यावर उमटणारा एकही हात ऑफिसात नव्हता.

बाहेर घोषणा चालल्या होत्या. संप करणाऱ्यांतही दोन जाती आहेत हे मला तेव्हा कळलं. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले. आमच्या टेबलाचे जुने भाऊसाहेब आधीचे, म्हणजे त्यांची पेन्शन पक्की. तरी सातही दिवस उन्हात बसले. मी म्हटलं, तुम्हाला काय गरज होती? म्हणाले, “पोरं बसल्यात, मी घरात कसा बसू?” मग माझ्याकडं बघून जरा अवघडले. पोरांत आम्ही धरलेलो नव्हतो.

या भाऊसाहेबांचंच सांगायचं आहे.

जुलै २०२१ चा पूर. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर पंचनामे आले. कागद ओले, अक्षरं फुटलेली, त्यातून नाव, गाव, खातेक्रमांक, आयएफएससी अशा याद्या करायच्या. कुटुंबाला दहा हजारांचं सानुग्रह अनुदान जायचं होतं, वरून दर तासाला फोन. रात्री साडेअकरापर्यंत बसत होतो. मामा कुठून तरी भडंग घेऊन यायचे आणि कीबोर्डवर सांडू नका म्हणून दम द्यायचे.

त्यात माझ्या हातून चूक झाली. एकाच गावातले, एकाच आडनावाचे दोघं. मी एकाचा खातेक्रमांक दोघांच्याही ओळीत चिकटवला. एकाला वीस हजार गेले, दुसऱ्याला काहीच नाही. तो माणूस महिन्यानं आला, भिजून वाळलेलं पासबुक घेऊन. चिडलाही नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

कारणे दाखवा नोटीस निघाली. भाऊसाहेबांच्या नावानं, कारण यादीखाली सही त्यांची. ती नोटीस टाइप करायलासुद्धा माझ्याकडंच आली. मी उठून त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, चूक माझी आहे, साहेबांना मी सांगते. ते पान लावत होते. म्हणाले, “सांगून काय हुणार? नोटीस यायलाबी नोकरी लागती, बाई. तुला नोटीस न्हाई काढता येत. तुझ्या ठेकेदाराला फोन जाईल, उद्यापास्नं दुसरा माणूस पाठव म्हणून. गप बस.” पुढं काय झालं विचारलं की नुसतं “मिटलं” म्हणायचे.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल फिरत असतात. २००६ चा उमादेवी निकाल आम्हाला हनुमान चालिसेसारखा येतो: रीतसर भरतीशिवाय घेतलेल्यांना कायम व्हायचा हक्क नाही. मग डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जग्गो प्रकरणात म्हटलं की वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्यांच्या विरोधात उमादेवीची ढाल करू नका. त्या दिवशी ग्रुपवर गुलाल उधळायचा तेवढा बाकी होता. संध्याकाळी कुणीतरी लिहिलं, त्या लोकांना खात्यानं थेट घेतलं होतं, आपल्यामध्ये ठेकेदार आहे. ग्रुप शांत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईचा हेलपाटा वाचला. पण वकील पहिला प्रश्न विचारतात, तुम्ही तिथं काम केल्याचा ऑफिसचा कागद आहे का? माझी हजेरी ठेकेदाराच्या शीटवर. ठेकेदार तीन बदलले, दरवेळी मी नव्यानं लागले. ऑफिसच्या मस्टरवर मी एक दिवसही नाही.

आता भाऊसाहेब निवृत्त होतायत, ३१ मेला. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लावलेली, म्हणून मे अखेर आली की आमच्याकडं शाल-श्रीफळांची रांग लागते. त्यांचं पेन्शन प्रकरण महालेखापालांकडं पाठवायचं होतं. ते माझ्याशिवाय कोण करणार? सेवापुस्तक घेतलं, वैयक्तिक नस्ती घेतली, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला काढायचा म्हणून एकेक पान उलटत होते.

ऑक्टोबर २०२१ चा एक कागद निघाला. सक्त ताकीद. ‘बाह्यस्रोत संगणक चालकाने तयार केलेल्या यादीची खातरजमा न करता आपण स्वाक्षरी केली, ही बाब गंभीर असून...’

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. जवळजवळ दहा वर्षांत या ऑफिसच्या कागदावर माझा उल्लेख सापडला तो हा. त्यातही नाव नाहीच.

भाऊसाहेब डबा खात होते. मी नस्ती तशीच नेऊन समोर धरली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. “ते व्हय? अगं, ताकीदनं काय पेन्शन थांबत न्हाई. दाखला काढ.” मग भाकरी मोडत म्हणाले, “तुमची मुदतवाढ टाकली का न्हाई? मार्च आला की.”

टाकली नव्हती. ती टिप्पणीही दरवर्षी मीच काढते. गेल्या वर्षीची फाईल उघडायची, तारखा बदलायच्या. ‘सदर मनुष्यबळाची सेवा समाधानकारक असून मुदतवाढ देणेस हरकत नसावी, आदेशार्थ सादर.’ खाली तक्ता: संगणक चालक, संख्या ४. पहिल्या वर्षी स्वतःबद्दल समाधानकारक लिहिताना हसू आलं होतं, आता बोटं आपोआप फिरतात. या वेळी मात्र ‘समाधानकारक’वर जरा थांबले.

भाऊसाहेबांनी न वाचता सही केली. मी म्हटलं, वाचा तरी. तर म्हणाले, “तू लिहिलंयस न्हवं?”

जूनपासून ते टेबल चोवीस वर्षांच्या भाऊसाहेबांकडं जाणार आहे. पोरगा चांगला आहे, मला ‘मॅडम’ म्हणतो. परवा वही घेऊन बसला होता, मुदतवाढीची टिप्पणी कशी काढायची ते दाखवा म्हणून.