एनक्वासच्या तयारीत रुग्णांनी काय सांगितलं

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं एनक्वास, म्हणजे सरकारी दवाखान्यांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं, मूल्यांकन ठरलं आणि रंगरंगोटी, कचऱ्याचे रंगीत डबे, रजिस्टरं यांची धावपळ सुरू झाली. वैद्यकीय अधिकारी म्हणून मी रुग्ण समाधान सर्वेक्षण स्वतःकडे घेतलं. त्याची पद्धत ठरलेली आहे: फॉर्म भरून घ्यायचे, प्रत्येक मुद्द्याला पाचपैकी गुण, मग सरासरी. सर्वांत कमी गुण कुठे पडले ते पाहून कारण शोधायचं, उपाय करायचा आणि पुन्हा मोजायचं.

पहिले फॉर्म आले ते जवळजवळ सगळे 'खूप चांगले'. फॉर्म भरून घेणार आमचीच सिस्टर, रुग्णाच्या हातात आमच्याच गोळ्या, आणि पुढच्या महिन्यात त्याला यायचंय आमच्याच दारात. अशा वेळी तोंडावर वाईट कोण बोलेल? केंद्र सरकारने 2016 मध्ये सुरू केलेल्या 'मेरा अस्पताल' या रुग्णांची मतं घेणाऱ्या उपक्रमात एसएमएस किंवा फोनवरून मत विचारतात, म्हणजे ही भीड उरत नाही. पण आमच्याकडे केसपेपरवर नंबर असतो पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा.

सरकारी फॉर्म आहे तसाच ठेवला, मूल्यांकनाला तो लागतोच. जोडीला साधे प्रश्न तयार केले. 'समाधानी आहात का' हे त्यात नव्हतं. काय घडलं तेवढंच होतं. डॉक्टरांनी हात लावून तपासलं का? गोळी कधी घ्यायची ते कुणी सांगितलं? काही विचारायचं राहून गेलं का? आणि हे विचारायचं रुग्णाच्या घरी. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंशी बोलून दुसऱ्या गावच्या आशाताईंना हे काम दिलं.

एका घरी मीही गेले. आजींनी फळीवरच्या डब्यातून दोन स्ट्रिपा काढल्या, बीपीची अम्लोडिपिन आणि शुगरची मेटफॉर्मिन.

"यातली बीपीची कुठली?"

"ते काय ठावं न्हाई बाई. दोन्ही पांढऱ्याच. चक्कर आली की एक घेती."

"खिडकीत सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. पर म्होरं जाळी, मागं रांग. ऐकू कुठं येतंय?"

याच आजींच्या फॉर्मवर औषधवाटपाला चांगले गुण होते, आणि ते खोटे नव्हते. औषध फुकट मिळालं, त्याच दिवशी मिळालं, यावर त्या खरंच खूश होत्या. रक्तदाब मात्र आटोक्यात नव्हता. समाधान आणि उपचार यांतलं हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. दीर्घ आजारांत तर सगळं त्यावरच अवलंबून आहे.

बाकी घरांतूनही औषधाच्या खिडकीबद्दलच जास्त आलं. म्हणून खिडकीशेजारी टेबल-खुर्ची मांडली. बीपी-शुगरच्या रुग्णाला तिथं बसवायचं, पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्यायचे आणि "आता तुम्ही सांगा, कशी घ्यायची" असं विचारायचं. औषध निर्माण अधिकाऱ्यांनी हे मनापासून उचललं.

पुढच्या फेरीत गोळ्यांची माहिती नीट सांगणाऱ्यांची संख्या स्पष्ट वाढली, पण थांबण्याच्या वेळेचे गुण घसरले. साहजिक आहे, प्रत्येकाला जास्त वेळ दिला की रांग लांबतेच. तो आकडा आम्ही तसाच वर पाठवला. आता जुन्या बीपी-शुगर रुग्णांसाठी आठवड्यात वेगळा दिवस ठेवलाय, आणि आशाताईंच्या प्रश्नांत एक भर घातलीय: घरून किती वाजता निघालात, परत किती वाजता पोचलात?