आमची वाटचाल: दोर आणि दाणा

२००३ साली रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीत एका एक्स्ट्रुडरवर, म्हणजे प्लॅस्टिकचा दाणा वितळवून तंतू काढणाऱ्या मशीनवर, मासेमारीचे पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोर काढायला सुरुवात केली. पुढची बारा-तेरा वर्षं बरी गेली. लिहायचंय ते २०१६ बद्दल.

१ ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठते, त्याआधी मिरकरवाडा बंदरावर माल पोचावाच लागतो. त्या घाईत एका व्यापाऱ्याकडून ‘रॅफिया ग्रेड, एमएफआय तीन’ म्हणून स्वस्त दाणा घेतला. रॅफिया म्हणजे तंतू-दोर काढायचा माल; एमएफआय म्हणजे वितळलेला माल दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतो त्याचं माप. महिन्याभरात आमचे तांडेल (बोटीचे प्रमुख) दोराचं तुटलेलं टोक घेऊन दारात उभे. माझा पहिला दोर यांनीच घेतला होता. त्यांनी पीळ उकलला, एक तंतू नखाखाली धरून कट्‌कन मोडला. “शेट, तुमचा दोर म्हणून पोरांना त्याच्याजवळ उभं केलं होतं.”

व्यापारी म्हणाला, तुम्हीच हीट वाढवून माल जाळलात. बंदरावर पुष्कळांना ते पटलं. ते मला आजही लागतं.

हीटने पीपी तुटतो, नाही कोण म्हणतं? त्याच्या रेणूंच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो, हवा लागली की तिथूनच ती तुटते. त्यात लांब साखळीला दुवे जास्त, आणि स्क्रूच्या रगड्यात ताणही तिलाच जास्त. म्हणून जड साखळ्या आधी जातात, आणि दोराचा जीव तर त्यांच्यातच. साखळी तुटली की माल पातळ होतो, एमएफआय चढतो.

म्हणून मी बॅरलमध्ये (मशीनच्या तापत्या नळीत) न गेलेला, माझी हीट न लागलेला, शिल्लक पोत्यातला दाणा लॅबला दिला. २३० अंश, २.१६ किलो वजन, १० मिनिटं. तीनच्या जागी अकरा ग्रॅम आले! साच्यात वस्तू ओतायचा, मुळातच पातळ असा इंजेक्शनचा ग्रेड म्हणावा तर दाण्याला पिवळी झाक आणि जळका वास. आधीच कुणीतरी वितळवून पुन्हा दाणा पाडलेला माल व्हर्जिनच्या, म्हणजे कोऱ्या दाण्याच्या, पोत्यात भरला होता.

व्यापाऱ्याने एक रुपया दिला नाही. वडिलांनी लावलेली हापूसची कलमं जमिनीसकट विकली आणि गेलेला सगळा दोर बदलून दिला. तांडेलांनी नवा दोर घेतला, भरपाईचं नाव काढू दिलं नाही.

नव्या पोरांना सांगतो, एमएफआयचं मशीन आधी घ्या, दुसरा एक्स्ट्रुडर मागाहून. प्रेशर चढलं की हीटर वाढवू नका, आधी मशीनमधली, माल गाळायची जाळी बदला. लाईट जाऊन माल बॅरलमध्ये उभा राहिला तर तो पर्ज करून, म्हणजे बाहेर ढकलून, काढा, दोरात घालू नका. रिग्राइंड, म्हणजे वापरलेला माल दळून केलेला दाणा, दोराला नकोच.

तांडेल अजून दर जुलैत येतात. बिल करण्याआधी पीळ उकलतात, तंतू नखाखाली धरतात. मी शेजारी उभा असतो.