चौथी सही

तिकिटावर ‘बेसबॉल’ असं छापलं होतं आणि माझ्या हातात बेसबॉलच होता. तरीही एका जुन्या खेळाडूची त्या बॉलवर सही घ्यायला गेले तेव्हा कूपर्सटाउनच्या त्या तंबूत मला पावणेदोन तास या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. जुलै संपून कितीतरी दिवस झाले, पण तो राग गेलेला नाही. पुढच्या वर्षी कुणी जाणार असेल तर त्याच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आधी त्या बॉलबद्दल. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. समोरच्या घरात एक आजोबा होते, मूळचे शिकागोचे. आता ते वृद्धांच्या निवासात असतात. आम्ही इथे नवीन असताना उन्हाळ्याच्या संध्याकाळी ते ओसरीवर रेडिओ लावून मॅच ऐकत बसायचे. मी नाशिकला बाबांच्या ट्रान्झिस्टरवर कसोटीची कॉमेंट्री ऐकत वाढलेली, त्यामुळे तो आवाज ऐकला की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. खेळ काही कळायचा नाही. त्यांनी वहीत रकाने आखून मला स्कोअर लिहायला शिकवलं. चार वर्षांत मी इतकी तयार झाले की कुठल्या पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, केव्हा बदलायला हवं होतं यावर त्यांच्याशी वाद घालायला लागले.

त्यांचा संघ शिकागो कब्ज, आणि त्यांचं खरं दुःख १९६९ सालचं. त्या वर्षी कब्ज ऑगस्टच्या मध्यापर्यंत मोठ्या फरकाने पुढे होते आणि शेवटी न्यूयॉर्क मेट्सनी त्यांना आठ सामन्यांनी मागे टाकलं. त्या संघातले चार खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेले: अर्नी बँक्स, रॉन सँटो, बिली विल्यम्स आणि फर्गी जेन्किन्स. आजोबांच्या बॉलवर यांतल्या तिघांच्या सह्या आहेत, प्रत्येक त्यांनी समोर उभं राहून घेतलेली. निळी शाई, थोडी जांभळट झालेली. विल्यम्सच्या सहीखाली त्याने स्वतः ‘एचओएफ ८७’ लिहिलंय, म्हणजे हॉल ऑफ फेम आणि त्यात गेल्याचं वर्ष. सँटोच्या सहीखाली काही नाही, कारण सँटो डिसेंबर २०१० मध्ये गेला आणि त्याची निवड झाली ती त्यानंतर वर्षभराने. हा सन्मान त्याला डोळ्यांनी बघता आला नाही. आजोबांना याचं फार वाईट वाटतं.

बॉलच्या दोन शिवणी जिथे एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात त्या चिंचोळ्या जागेला स्वीट स्पॉट म्हणतात. सहीसाठी मानाची जागा तीच. आजोबांनी ती मुद्दाम कोरी ठेवली होती, जेन्किन्ससाठी. तो त्यांचा सगळ्यात आवडता पिचर. कॅनडातल्या चॅटमचा हा माणूस १९६७ ते १९७२ असे सलग सहा मोसम दरवर्षी किमान २० सामने जिंकला, तेही कब्जच्या घरच्या रिग्ली फील्डसारख्या पिचरला सोसायला लावणाऱ्या मैदानावर खेळून. १९७१ चा साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, त्याचा. कारकिर्दीत २८४ विजय, ३,१९२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) फक्त ९९७. तीन हजारांवर स्ट्राइकआउट आणि हजाराच्या आत वॉक, हे त्याच्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. आजोबा म्हणायचे, फर्गी काय, तो सगळीकडे जातो, लोकांत मिसळतो, त्याची सही केव्हाही मिळेल. म्हणून तीच राहून गेली. मग आजोबांचे गुडघे गेले.

ऑगस्ट २०२० ते जानेवारी २०२१ या सहा महिन्यांत टॉम सीव्हर, लू ब्रॉक, बॉब गिब्सन, व्हाइटी फोर्ड, जो मॉर्गन, फिल नीक्रो आणि हँक ॲरन असे हॉल ऑफ फेममधले खेळाडू एकामागून एक गेले. प्रत्येक बातमीला आजोबांचा फोन यायचा आणि आम्ही दोघंही गप्प बसायचो. त्यातल्याच एका फोननंतर मी नवऱ्याला सांगून टाकलं, की ही चौथी सही मी आणणार.

कूपर्सटाउन म्हणजे न्यूयॉर्क राज्यात ओटसेगो सरोवराच्या काठचं गाव, वस्ती दोन हजारांच्याही आत. हॉल ऑफ फेमचं म्युझियम १९३९ पासून तिथल्या मेन स्ट्रीटवर आहे. जुलैच्या शेवटाकडे नव्या सदस्यांचा सोहळा असतो आणि त्या शनिवार-रविवारी माजी खेळाडू गावात असतात. रस्त्यालगतच्या दुकानांत नि तंबूंत ते ठरलेल्या वेळी सह्या देतात. हे कार्यक्रम दुकानदार आणि खाजगी आयोजक भरवतात, म्युझियमचा त्यांच्याशी संबंध नसतो. तिकीट ऑनलाइन काढलं, पहाटे चारला निघालो, गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि तिथून ट्रॉलीने मेन स्ट्रीटवर उतरलो. इथवर कुठेही काही अडलं नाही. गावात गाडी न्यायच्या फंदात मात्र पडू नका.

जेन्किन्सची वेळ साडेअकरा ते दीड. मी अकराला रांगेत. पावणेबाराला तंबूच्या दाराशी पोचले. तिथल्या मुलीने बॉल बघितला, फिरवून बघितला आणि म्हणाली, यावर आधीच्या सह्या आहेत, तुमचं तिकीट चालणार नाही. मी तिकीट दाखवलं. ‘बेसबॉल किंवा फोटो’, ४० डॉलर. ती म्हणाली, ते कोऱ्या बॉलसाठी. एकापेक्षा जास्त सह्यांचा बॉल ‘प्रीमियम’ धरतात, बॅट आणि जर्सीसारखा. त्याचं तिकीट ७० डॉलर. हे कुठे लिहिलंय, मी विचारलं. वेबसाइटवर आहे, म्हणाली. मी नंतर घरी येऊन बघितलं. आहे, पण तिकिटाच्या पानावर नाही, दुसऱ्याच एका पानावर अगदी तळाशी.

ठीक आहे, तीस डॉलर घ्या, मी म्हटलं. इथे पैसे घेत नाही, तिकडच्या काउंटरवर जा. गेले. तिथला माणूस म्हणाला, तिकीट बदलणं फक्त ऑनलाइन. फोन उघडला तर पान हलेना. इतक्याशा गावात हजारो माणसं आणि प्रत्येकाच्या हातात फोन, नेटवर्कचा पत्ता नव्हता. शेवटी कॉफीच्या दुकानात वायफायसाठी एक कॉफी घेतली आणि तिला तोंडही न लावता ते पान उघडलं. तिथे लिहिलेलं, आजच्या सत्राची ऑनलाइन विक्री दुपारी बाराला बंद. घड्याळात बारा वाजून सात मिनिटं झाली होती.

परत काउंटरवर आले. खुर्ची रिकामी, माणूस जेवायला गेलेला. शेजारचा म्हणाला, एक वाजता येईल. त्याला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाला, माझ्याकडे फक्त फोटोंची तिकिटं आहेत. मी तिथेच उभी राहिले. बाहेर ऊन, तंबूत घामाचा आणि कापडाचा वास. तंबूची बाजू उघडी होती, त्यातून जेन्किन्सचे खांदे दिसत होते. उंचापुरा माणूस, मान खाली घालून एकामागून एक सह्या करतोय. माझ्यापासून पंधरा पावलांवर. ज्या माणसासाठी आजोबांनी ती जागा इतकी वर्षं कोरी ठेवली तो पंधरा पावलांवर बसलाय आणि मधे आहे एक रिकामी खुर्ची. माझे डोळे भरून आले, रागाने.

रांगेतल्या एका गृहस्थांनी माझा नंबर धरून ठेवला होता. ते बरीच वर्षं तिथे येतात. माझं काय चाललंय ते त्यांनी बघितलं आणि हळूच सांगितलं, काउंटर सोड, खेळाडूच्या शेजारी जो माणूस बसून प्रत्येक वस्तू पुढे सरकवतोय ना, त्याच्या हातात सगळं असतं, थेट त्याला विचार. दारावरची मुलगी मला आत सोडेना. एक वाजून गेला, काउंटरवाला आला, आणि तो आता म्हणतो की रोख घ्यायचा अधिकार मला नाही, सुपरवायझरला आहे. सुपरवायझर दुसऱ्या तंबूत. मी नवऱ्याला तिकडे पळवलं आणि स्वतः दाराशी ठाण मांडून बसले. त्या मुलीला बॉल पुन्हा दाखवला आणि एकेक सही वाचून सांगितली. कोण, कधी गेला, कोणाच्या खाली वर्ष आहे, कोणाच्या खाली का नाही. ती जेमतेम वीस वर्षांची असेल. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि त्या शेजारी बसलेल्या माणसाला घेऊन आली. त्याने बॉल बघितला, माझ्याकडून ३० डॉलर घेतले, तिकिटावर मार्करने रेघ मारली आणि मला आत घेतलं. सगळं मिळून एक मिनिट लागलं नसेल. दीड वाजायला सहा मिनिटं होती.

सहीबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. बॉल हातात घेतल्यावर जेन्किन्सनी तो सावकाश फिरवला, तिन्ही नावांवरून नजर गेली. मी आजोबांचं सांगितलं. ते जे बोलले ते आजोबांसाठी होतं, ते त्यांनाच जाऊन सांगितलं. अक्षर स्वच्छ, प्रत्येक अक्षर लागतं.

पेन स्वतःचं न्या. बॉलवर निळं बॉलपेनच हवं. मार्करची शाई कातड्यात पसरते आणि दोन-चार वर्षांत सही धुरकट होते. फोटोवर मार्कर चालतो, बॅटवरही. मी तीन पेनं नेली होती आणि आधी जुन्या बॉलवर चालवून बघितली होती. सही कुठे हवी ते दाखवायला तिथे चिकटवायचा छोटा कागद लावून ठेवा, टेबलापाशी बोलायला वेळ नसतो. सही झाली की बॉल लगेच मुठीत धरू नका, शिवणीवर दोन बोटांनी धरा. घरी पारदर्शक डबीत, उन्हापासून लांब.

तिकीट काढण्याआधी आयोजकांना ईमेल करून तुमच्या वस्तूचा फोटो पाठवा आणि ती कुठल्या वर्गात बसते ते लेखी मागून घ्या. त्याची छापील प्रत जवळ ठेवा, फोनवर विसंबू नका. मी हे केलं असतं तर वरचं काहीच घडलं नसतं.

खर्च कमी ठेवायचा असेल तर म्युझियमच्या दुकानातली पिवळी पोस्टकार्डं घ्या. प्रत्येक सदस्याच्या भिंतीवरच्या फलकाचं चित्र त्यावर असतं, आणि जुने संग्राहक सहीसाठी तीच पसंत करतात. सह्या विकत घेणार असाल तर मात्र सांभाळून. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने खोट्या सह्यांच्या टोळ्यांचा माग काढला, तेव्हा केवढा बाजार बनावट होता ते बाहेर आलं. म्हणून तपासणी करून स्टिकर लावून देणाऱ्या कंपन्यांची टेबलं तिथे असतात. मी स्टिकर लावून घेतला नाही. हा बॉल विकायचा नाही.

संध्याकाळी थांबता आलं तर शनिवारची मिरवणूक चुकवू नका. सगळे जुने खेळाडू गाड्यांतून मेन स्ट्रीटवरून जातात आणि त्याला तिकीट नसतं.

एक राहिलंच. सहीखाली ‘एचओएफ ९१’ लिहून घ्यायचं तर त्याचं तिकीट वेगळं असतं. ते मी काढून ठेवलं होतं, पण तिकीट बदलण्याच्या त्या गोंधळात ते नवऱ्याच्या खिशात राहिलं आणि नवरा सुपरवायझरला शोधत दुसऱ्या तंबूत. सही घेऊन बाहेर आले तेव्हा लक्षात आलं. दीड वाजून गेला होता, टेबल आवरत होते. परतीच्या चार तासांत मला दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांकडे गेलो. त्यांनी भिंग मागितलं आणि बॉल खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. मी आधीच सांगून टाकलं की खाली वर्ष घालायचं राहिलं, चूक माझी. त्यांनी बॉल फिरवून सँटोची सही वर आणली, मग परत जेन्किन्सची.

“बरं झालं,” ते म्हणाले. “रॉनी एकटा पडला होता.”