तिसरं पासबुक

मुलींच्या नावानं पैसे साठवायच्या सरकारी योजनेचं, म्हणजे सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात उघडायला अर्धा तास पुरतो असं सगळे सांगतात. पुरतोही, मुली एक किंवा दोन असतील तर. मला तीन आहेत. मोठी, आणि तिच्या पाठीवर जुळ्या. म्हणजे बाळंतपणं दोन, मुली तीन. एवढंसं गणित पोस्टाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला पटवताना माझ्या तोंडाला फेस आला, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर एकत्र. माणसं अकरा, चूल एक. वर्षाचे गहू, तूरडाळ, मिरच्या उन्हाळ्यातच भरून होतात, ते हे आणि भाऊजी मिळून बघतात. लेकरांचं मात्र ज्याचं त्यानं. जुळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. मोठीचे कपडे पाठच्या पोरींना होतात, पण फ्रॉक एक आणि अंगं दोन! दप्तर, बूट, तापाचं औषध, सगळं जोडीनं. 'उरेल ते बाजूला टाकू' म्हणून आमच्याकडे कधी काही उरलं नाही. जाऊबाई आणि मी गल्लीतल्या भिशीत होतो, पण भिशी लागली की तिला पाय फुटतात. कधी शेगडी, कधी कुणाच्या लग्नातला आहेर. सुकन्याचे पैसे मुलगी अठराची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत हलत नाहीत, आणि तेव्हाही शिक्षणासाठी निम्म्यापर्यंतच मिळतात, हे ऐकलं आणि मी तिथंच ठरवलं. लोकांना जी अडचण वाटते तीच मला हवी होती.

मोठीचा फॉर्म घेतला गेला. मग जुळ्यांचे दोन सरकवले.

"ताई, दोनच खाती. मोठीचं एक, आणि या दोघींतलं कुणाचं करायचं ते घरी विचारून या."

घरी काय विचारायचं? नऊ महिने एकत्र वाढलेल्या पोरींतली कुठली निवडायची हे त्यांनी चहाचा घोट घेत घेत विचारलं. वर "तिसरीपण मुलगीच का?" हेही झालं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

नियम माझ्या बाजूनं होता. 2019 च्या योजनेत सरळ लिहिलंय की पहिल्या किंवा दुसऱ्या बाळंतपणात जुळ्या किंवा तिळ्या मुली झाल्या, तर शपथपत्र आणि जन्मदाखले देऊन दोनपेक्षा जास्त खाती उघडता येतात. राजपत्राचं ते पान छापून नेलं. "हे आमच्याकडे आलेलं नाही," असं उत्तर. मग पोस्टमास्तरांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचलं, म्हणाले, "बरोबर आहे, कागद आणा." माणूस भला, पण कागदांची खरी गंमत इथून पुढे.

जन्माची नोंद दवाखान्यातून लगेच झाली होती, बारसं बऱ्याच दिवसांनी. त्यामुळे जुळ्यांच्या दाखल्यांवर नावाची जागा कोरी. दोन्ही दाखले पुढ्यात ठेवले तर तारीख तीच, आई तीच, बाप तोच, गाव तेच. फरक फक्त नोंदणी क्रमांकात. नगरपालिकेतल्या बाईंनी विचारलं, "यातली कुठली कोण?" घरात मी पाठमोऱ्या पोरी ओळखते, पण कागदावर कशा ओळखू? शेवटी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड कामी आलं. त्यावर पहिलं बाळ, दुसरं बाळ, वेळ आणि वजन लिहिलेलं होतं. त्या क्रमानं नावं लावून घेतली. (वर्षाच्या आत नाव लावलं तर फुकट होतं, नंतर विलंब शुल्क, पण पंधरा वर्षांपर्यंत लावता येतं. जुळी असतील तर ते कार्ड रद्दीत घालू नका.)

नावं लागलेले दाखले घेऊन परत त्याच खिडकीत. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "एकाच दाखल्याच्या दोन झेरॉक्स दिल्यात." मी बोट ठेवून नोंदणी क्रमांक दाखवला. मग नाव दाखवलं. मग पुन्हा क्रमांक. मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "अहो, जुळ्या आहेत त्या!" ते त्यांना पटलं. राजपत्र पटलं नव्हतं, आजोबा पटले.

त्यांची बाजूही सांगते. नियमाबाहेरचं तिसरं खातं सापडलं तर ते बंद करावं लागतं आणि ऑडिटला उत्तर खिडकीवरच्या माणसाला द्यावं लागतं. भीती समजते. पण नियम वाचायला काय हरकत होती?

शपथपत्रात 'मला तीन मुली आहेत' एवढंच लिहून भागत नाही. पहिल्या बाळंतपणात कोण, दुसऱ्यात कोण, तारखांसकट हवं. आणि क्रम महत्त्वाचा. माझ्या मावसबहिणीला आधी जुळ्या, मग एक. तिच्या धाकटीला ही सवलत नाही. तिला मी त्या मुलीच्या नावानं पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निधीचं खातं सुचवलं, वर्षाला किमान 500 रुपये.

मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडावं लागतं. आमच्या मामंजींना नातींची खाती स्वतःच्या सहीनं उघडायची हौस होती. आई-वडील असताना आजोबांना ते चालत नाही, म्हणून पैसे त्यांचे, सही माझी. वर्षाला किमान 250 भरावेच लागतात, चुकलं की 50 रुपये दंड. आम्ही प्रत्येकी महिन्याला 500 टाकतो, तेही पाच तारखेच्या आत, कारण त्या महिन्याचं व्याज पाच तारखेनंतरच्या कमीत कमी शिलकीवर धरतात. खातं उघडल्यापासून पंधरा वर्षं भरायचं, एकवीस वर्षं झाली की मिळायचं. आमच्या वेळचा 8.2 टक्के दर टिकला तर एकेकीचे पावणेतीन लाख होतात, भरलेले 90,000.

आणि जुळ्यांचे पैसे भरताना स्लिपवरचा खातेक्रमांक उभ्याउभ्या तपासा. एका महिन्यात आमच्या एकीच्या खात्यात हजार आणि दुसरीच्यात शून्य पडलंय. दुरुस्तीचा अर्ज त्याच खिडकीत आहे.